भाग्यश्री दिसण्याएवढा उजेड

सांगलीच्या दुकानातल्या माणसानं विचारलं, "प्रोजेक्टर घरासाठी हवाय की धंद्यासाठी?" आणि गुणमाला मगदूमला उत्तर देता येईना.

त्या माणसाला वाटलं, बाईला प्रश्न कळला नाही. तो समजावून सांगू लागला. घरात पडदे ओढून, दिवे मालवून चार माणसांनी सिनेमा बघायचा असेल तर कमी उजेडाचं मशीन पुरतं. हॉल असेल, खिडक्या उघड्या, ट्यूब लावलेल्या, माणसं वह्या काढून बसलेली, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. हा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. आकडा खोक्यावर छापलेला असतो, पण त्या आकड्यावर फार विसंबू नका, असंही तो गल्ल्यावर बसलेल्या मालकाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला.

"नवऱ्याला लेक दाखवायची हाय," गुणमाला म्हणाली. "त्याला किती लागतंय?"

त्या माणसानं हातातलं खोकं खाली ठेवलं. असं गिऱ्हाईक त्याच्याकडं याआधी आलं नसावं.

गुणमाला कृष्णाकाठच्या एका गावची. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. नवरा सुकुमार मगदूम बेदाण्याचा व्यापारी. पण गोदामात बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांवर राज्य आक्काचं. तोंडानं फटकळ, आणि आपलं म्हणणं खरं करून घेतल्याशिवाय गप्प न बसणारी. मागं ग्रामपंचायतीनं तिच्या दारासमोरच्या खांबावर मोठा पांढराशुभ्र दिवा बसवला. गल्लीला कौतुक. आक्का मात्र रोज सकाळी खराटा घेऊन दारात उभी, कारण दिव्याखाली पाखरांचा आणि किड्यांचा सडा पडलेला. जैनाच्या घरानं उठल्या उठल्या दारातले मेलेले जीव लोटायचे? तिनं वायरमनला त्याच खांबाखाली उभं करून असं काही सुनावलं की दिवा लगोलग वेशीकडं गेला. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण, मागचं आवरणं, आणि अंधार पडला की अंथरूण. चातुर्मासात तर एक बारीक दिवा, तोही गरजेपुरता. अशी ही बाई आता उजेडाचं मशीन शोधत सांगलीची दुकानं पालथी घालत होती. एरवी तिला स्वतःचंच हसू आलं असतं. पण हसायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

सुकुमारअण्णांचे डोळे जात होते.

एके काळी या माणसानं बेदाण्याची मूठ घेऊन दारातल्या उन्हात जावं, तळवा उघडावा आणि सांगावं, हा माल कुठल्या शेडवरचा, याला गंधकाची धुरी जास्त झालीय, हा सावलीत नीट वाळला नाही. आता तोच माणूस तळव्यावरचे दाणे बोटांनी चाचपत बसायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं विझत मध्ये येणारा. नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसत होतं, आणि ती नळीही अरुंद होत चालली होती. "रात्रीचं कधीपासून दिसत नाही?" डॉक्टरांनी विचारलं. रात्रीचं बघायची वेळ या घरात येतच नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीला लहानगा सुकुमार भिंतीला हात लावत चालायचा, तेव्हा त्याची आई म्हणायची, माझं लेकरू किती सावकाश चालतंय बघा. लग्नानंतर गुणमालानंही ते बघितलं होतं आणि नवऱ्याची एक सवय म्हणून सोडून दिलं होतं. या आजाराची पहिली खूण रात्री दिसते, डॉक्टर म्हणाले. आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, असंही ते म्हणाले. पण त्यावर गुणमालाचा विश्वास बसला नाही. आपण बायको असून आंधळ्यासारखं वागलो, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

घरात आता नवीन तऱ्हा सुरू झाली होती. ताट वाढायला ती जवळ गेली की अण्णा म्हणायचे, "जवळ आलीस की दिसत न्हाईस बग. लांब गेलीस की दिसतीस." ती चिडायची. तिला वाटायचं, हे आपलं तोंड गप्प करायला टोमणा मारताहेत. आयुष्यभर ती त्यांच्या टोमण्यांना पुरून उरली होती, म्हणून याही वेळी तिनं तो आमटीबरोबर गिळला.

आणि मग पर्युषण जवळ आलं असताना एका दुपारी अण्णांनी विचारलं, "त्या बिनोलीचं शूटिंग हाय का गं आपल्याकडं?"

गुणमालाच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

भाग्यश्री त्यांची एकुलती एक मुलगी. शिकली, सांगलीत नोकरीला लागली, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, मला दीक्षा घ्यायचीय. आर्यिका व्हायचं, म्हणजे केस, दागिने, घर, आईबाप, सगळं सोडून एका पांढऱ्या साडीनिशी पायी निघायचं. त्याला घरच्यांची परवानगी लागते. गुणमालानं रडून रडून शेवटी होकार दिला. अण्णांनी होयही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दीक्षेआधी मुलीला नवरीसारखं नटवून, रथात बसवून गावातून मिरवतात, ती बिनोली. नटण्यामुरडण्याचा तो शेवटचा दिवस. सगळा गाव रस्त्यावर होता. बाप गोदामाचं दार आतून लावून बसला होता. लेकीचं ते रूप त्यानं बघितलंच नाही. त्या वर्षी अण्णांनी एक नियम घेतला, दिवस मावळल्यावर काही बघण्यासाठी दिवा लावायचा नाही. ती एवढं सोडतीय तर मी एवढं सोडतो, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर त्या घरात भाग्यश्रीचं नाव कुणी घेतलं नाही. बिनोलीचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये घालून फोटोवाल्यानं दिलं होतं, ते गुणमालानं साड्यांच्या घडीत ठेवून दिलं.

"तिच्या दर्शनाला जाऊया की," ती म्हणाली. "दिसतंय तवर जाऊन येऊ. कितीबी लांब असूं द्या."

"तितं मला आर्यिका माताजी दिसतील," अण्णा म्हणाले. "पाया पडीन, आशीर्वाद घीन. मला भाग..." त्यांच्या तोंडातून नाव पुरं निघालं नाही. "मला माझी पोरगी बघायची हाय. डोळं हायत तवर."

त्या दिवसापासून गुणमालाला दुसरं काही सुचेना. टीव्हीवर लावून बघितलं. टीव्हीचा उजेड अण्णांच्या डोळ्यांत सुईसारखा शिरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि लेकीच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसायचा. मोबाइलचंही तेच. भिंतीवर पडलेला उजेड मात्र त्यांना सोसायचा. उन्हाचा कवडसा भिंतीवर आला की ते त्याच्याकडं बराच वेळ बघत बसायचे. ते बघून तिला धनाजी आठवला.

धनाजी मूळचा आटपाडीकडचा धनगर. बाप धुळा मेंढरांमागं फिरला आणि रात्र रात्र ओव्या म्हणत जागला. पोरानं प्रोजेक्टर घेतला आणि सांगलीच्या बाजूला येऊन राहिला. जत्रा, क्रिकेटचे सामने, कुणाच्या लग्नाची चित्रफीत. पांढरं कापड बांधायचं आणि मशीन लावायचं. बापासारखीच त्याचीही सगळी कामं रात्रीची. आक्कानं बोलावलं तसा तो मशीन पाठीला मारून दुपारी हजर झाला.

घराचा पुढचा सोपा लांबलचक होता. टोकाची भिंत चुन्यानं नुकतीच पांढरी केलेली. धनाजीनं मशीन मागं घेत घेत चित्र सगळ्या भिंतीवर पसरवलं आणि कपाळाला हात लावला. भिंतीवर कायतरी हलत होतं, पण पाणी घातलेल्या ताकासारखं फिकट.

"आक्का, ह्यो उन्हाचा येळ हाय. माजं मशीन गरीब हाय. सूर्यासंगं कुस्ती धरंल व्हय ते?" तो म्हणाला. "रातच्याला लावतो. एकदम झ्याक दिसंल."

"रातच्याला न्हाई," अण्णा जागेवरनं म्हणाले.

"आवं, एक डाव नियम मोडला तर काय हुतंय?" गुणमाला कळवळून म्हणाली. "मी प्रायश्चित्त घेते तुमच्या वाटचं."

"पोरीनं एवढं सोडलं. मी एवढंबी पाळू नको?" ते म्हणाले, आणि त्यापुढं तिचं काही चालेना. त्यांनी नियम मोडला असता तरी अंधारात त्यांच्या डोळ्यांनी साथ दिली असती का, कोण जाणे. खिडक्यांना चादरी लावल्या, दारावर सतरंजी टाकली. चित्र थोडं उठलं, पण अण्णांना भिंत आणि चित्र यांतला फरक कळला नाही. त्यांनी तोंड फिरवलं.

म्हणून ती सांगलीला गेली होती, आणि तिथं घर की धंदा यातलं एकही उत्तर तिला देता आलं नव्हतं. तिनं थेट साताऱ्याला बहिणीच्या मुलाला, आर्जवला, फोन केला. आर्जव साताऱ्यात क्लास चालवतो. "मावशी, माझ्या हॉलचं मशीन घेऊन जा ना," तो म्हणाला. "भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून शिकवतो मी त्याच्यावर. उन्हाला भीक घालत नाही ते." गुणमाला सकाळच्या गाडीनं निघाली. आर्जवनं स्टेशनावरच खोकं तिच्या हातात दिलं आणि ती परतीच्या गाडीत बसली. ते जड खोकं तिनं फळीवर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. कोरेगाव गेलं, रहिमतपूर आलं. रहिमतपूरला चढलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं मांडीवर, देव हायत का?" गुणमाला म्हणाली, "उजेड हाय." म्हातारीनं खोक्याला हात लावून नमस्कार केला. गुणमालाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना, आणि तिनं ते पुसलंही नाही. तिला मनातून वाटत होतं, आता झालं. एवढ्या उजेडापुढं कुठला आजार टिकणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी धनाजीनं ते मशीन लावलं आणि सोप्याची भिंत पेटल्यासारखी झाली. रथ, फेटे, हलगी वाजवणारे, रस्त्याकडेच्या बायका, सगळं माणसाच्या आकाराचं नव्हे, त्याच्याही दुप्पट. धनाजी स्वतःच आ वासून बघत राहिला. गुणमालानं लेकीचं तोंड बघितलं. तेवढं मोठं तोंड तिनं जन्मात बघितलं नव्हतं. हनुवटीवरचा तीळसुद्धा सुपारीएवढा. ती अण्णांकडं वळली तर अण्णांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले होते.

"जाळ हाय नुसता," ते म्हणाले. "बंद करा. जळाय लागलंय आत."

धनाजीनं उजेड कमी केला, आणखी कमी केला. अण्णांनी हळूच हात काढले. मान डावीकडं, उजवीकडं, वर, खाली फिरवत ते भिंतीवर शोधू लागले. "झेंडूचं फूल हाय," म्हणाले. "ही बांगडी. ह्यो कान असंल. तोंड कुठं हाय गुणा? तोंड दाव की."

"तुमच्या म्होरंच हाय की ओ!"

"नाकपुडी दिसतीया. पुन्यांदा फूल." त्यांनी हात जोडले. "माजी पोरगी अशी तुकड्यातुकड्यानं दावू नगंसा मला. पाया पडतो."

साठी उलटलेल्या, कधी कुणापुढं वाकून न बोललेल्या त्या माणसाला पाया पडतो म्हणताना ऐकून धनाजी अंगणात निघून गेला. गुणमालाला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. कमी उजेडात काही दिसत नव्हतं आणि जास्त उजेड सोसत नव्हता. मधला उजेड कुठं मिळतो, हे सांगणारं दुकान सांगलीत नव्हतं आणि साताऱ्यातही नव्हतं.

आर्जवचं मशीन परत गेलं. गुणमालानं हट्ट सोडला नाही. तिनं अण्णांना हाताला धरून गोदामात नेलं, कारण गोदामाचं दार लावलं की भर दुपारीही आत काळोख. नियमही मोडत नव्हता, दिवस तर बाहेर लख्ख होता. धनाजीनं आपलं गरीब मशीन तिथं लावलं. काळोखात तेच मशीन छान चाललं. बेदाण्याच्या रिकाम्या पेट्यांपलीकडच्या भिंतीवर, छतापर्यंत रथ डोलू लागला. धनाजी खूश होऊन म्हणाला, "आता?"

अण्णांनी गुणमालाचं मनगट घट्ट धरलं होतं. काळोखात त्यांना तीही दिसत नव्हती, जमीनही नाही. समोर कुठंतरी उजेडाचा ठिपका हलायचा आणि निसटायचा.

"त्या दिवशी मी हितंच बसलोवतो," ते म्हणाले. "ह्याच भिंतीला पाठ लावून. भाईर हलगी वाजत जात हुती. दाराची फट हुती गुणा. फटीला डोळा लावला असता तरी दिसली असती. तवा डोळं हुतं. लावला न्हाई."

गुणमालानं धनाजीला मशीन बंद करायला सांगितलं. ती त्यांना घेऊन बाहेर आली. उन्हात आल्यावर ते म्हणाले, "पुरं आता. देवानं हिशेब केला. मला पुन्यांदा विचारू नगंस."

त्या दिवसापासून त्यांनी बेदाण्याचे दाणे चाचपायचंही सोडलं. खुर्ची सोप्याच्या आतल्या टोकाला, उंबऱ्याशी ओढून ते भिंतीकडं पाठ करून बसू लागले. डॉक्टरकडं न्यायला गेली तर म्हणायचे, कशाला? गुणमाला देवळात जायची, भगवंतासमोर उभी राहायची आणि तिला स्तोत्राची पुढची ओळ आठवायची नाही. मी परवानगी दिली नसती तर पोरगी घरात असती, असं तिला वाटायचं. मग असं वाटल्याचं पाप वाटायचं. मग नुसतं रडू यायचं. लेक गेली, आता नवऱ्याच्या डोळ्यांतूनही ती निघाली, आणि आपण दोन्ही वेळा बघत उभ्या आहोत, असं तिचं झालं होतं.

धनाजी मशीन न्यायला आला तो एका सांजेला, दिवस बराच कलल्यावर. गुणमाला देवळातून नुकतीच आली होती, अंगावर देवळाची पांढरी साडी. मशीन सोप्यात स्टुलावर होतं. "आक्का, न्हेतो आता. उद्या पलूसकडं काम हाय," तो म्हणाला. गुणमाला म्हणाली, "जायाच्या आदी एकदा लाव. मी बगते. त्यांचं ऱ्हाऊ दे." तिलाही लेक बघायची होती. इतके दिवस ती अण्णांच्या तोंडाकडंच बघत आली होती, भिंतीकडं बघायचं राहूनच गेलं होतं.

धनाजीनं मशीन चालू केलं. भिंतीवर फिकट मिरवणूक सुरू झाली. हलगीचा आवाज आला तसे उंबऱ्याजवळ अण्णा खुर्चीतच वळले आणि ओरडले, "बंद कर ते! सांगितलंय न्हवं तुला?"

गुणमाला दचकून उठली. मशीनच्या मागं वायरी पसरल्या होत्या, म्हणून ती पुढून गेली, बटणाकडं हात नेत. सगळा उजेड तिच्या अंगावर आला. भिंतीवरचा रथ गेला आणि तो तिच्या पांढऱ्या पदरावर आला, परातीएवढा.

"थांब," अण्णा म्हणाले.

ती थांबली. आवाजच तसा होता.

"हलू नगंस. मागं सर जरा. न्हाई, मशीनकडं. आणखी म्होरं ये." अण्णा खुर्ची धरून उभे राहिले होते. "धनाजी, ते थांबीव. हितंच."

धनाजीनं चित्र थांबवलं. मशीनच्या तोंडाशी असलेलं चाक त्यानं हळूहळू फिरवलं, आणि आक्काच्या पदरावरची धूसर रेष न् रेष जागच्या जागी बसली. त्याचं गरीब मशीन, सगळ्या भिंतीवर पसरताना ज्याचं पाणी झालं होतं, त्याचाच उजेड आता एवढ्याशा जागेत आवळून आला होता. डोळ्यांना लागणार नाही असा, आणि दिसेल असा. "आयला," तो पुटपुटला, "मी जलमभर चित्र मोठ्ठं करायलाच शिकलो."

गुणमालाच्या मनात एकदम लख्ख झालं. जवळ आलीस की दिसत नाहीस, लांब गेलीस की दिसतीस. टोमणा नव्हता तो. माणूस आपल्या डोळ्यांचा हिशेब सांगत होता, आणि ती आमटी वाढत होती. नळीतून मोठी भिंत कशी दिसणार? नळीत मावेल एवढंच लेकरू हवं होतं.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं. तिला काही दिसत नव्हतं. मशीनचा झोत सरळ तिच्या तोंडावर होता, तिनं डोळे मिटून घेतले होते. लेक तिच्या छातीवर होती आणि तिला बघता येत नव्हती.

"सगळी दिसती," अण्णा म्हणाले. "नथ घातलीया. केसांचा आंबाडा, त्यावर गजरा. हनुवटीवरचा तीळ." ते लहान मुलासारखे एकेक मोजत होते आणि मध्येच श्वास घ्यायला थांबत होते. "हसतीया गं. मला वाटलं, रडली असंल." मग म्हणाले, "पर बाजूला कुणाकडं बघतीया ती?"

गुणमालाला बघायची गरज नव्हती. त्या दिवशी ती रथाबरोबर चालत होती. चौकात आल्यावर भाग्यश्रीनं रथ थांबवायला सांगितला होता. वाजंत्री खोळंबली, लोक चुळबुळ करू लागले, फोटोवाला पुढं झाला आणि त्यानं नेमका तोच वेळ टिपला. हे ती इतकी वर्षं कुणापाशी बोलली नव्हती.

"गोदामाच्या वाटंकडं," ती म्हणाली. "तुमी याल म्हणून थांबलीवती."

उंबऱ्याजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा हात पुढं करून चालत येत होते. त्यांना लेकीपर्यंत यायचं होतं. धनाजीनं वायरी पायानं बाजूला केल्या. ते मशीनला वळसा घालून आले, आणि जसजसे जवळ आले तसतसे त्यांचे डोळे भिरभिरू लागले. बोटं गुणमालाच्या खांद्याला लागली.

"कुठं गेली?" ते म्हणाले. "आत्ता हुती. गुणा, कुठं गेली?"

"हितंच हाय ओ," तिनं डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "मागं जावा. लांबनं बगा. जवळनं दिसायची न्हाई ती."

ते मागं सरत गेले. एकेक पाऊल, हात हवेत तसाच धरून, पाठ दाराच्या चौकटीला टेकेपर्यंत. तिथून त्यांना ती पुन्हा दिसली असावी, कारण त्यांनी हात खाली घेतला.

गुणमाला उभी राहिली. तिचे पाय भरून आले, पाठ दुखू लागली, पण तिनं खांदासुद्धा हलवला नाही. श्वास जोरात घेतला तर लेकीचा चेहरा हलेल, म्हणून तोही बेतानं घेतला. बाहेर ऊन उतरत होतं. सोपा हळूहळू अंधारत होता, आणि जसा तो अंधारत होता तसं तिच्या पदरावरचं चित्र उजळत चाललं होतं. नथीतला मोती, गजऱ्याची एकेक कळी. धनाजीला ते दिसत होतं. आता हे मशीन असंच ठेवून जावं, पलूसचं काम गेलं खड्ड्यात, असं त्याला वाटलं. पण अण्णा आता डोळे बारीक करत होते, मान पुढं काढत होते. खोली जेवढी काळोखत होती, तेवढी त्यांची नळी आक्रसत होती.

देवळातली सांजेची घंटा वाजली.

"धनाजी," अण्णा म्हणाले, "बंद कर बाबा. दिवस मावळला."

"आण्णा, आत्ता तर खरं झ्याक दिसाय लागलंय. उलीसं थांबा की."

"बंद कर."

धनाजीनं आक्काकडं बघितलं. तिनं मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. त्यानं बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली आणि सोप्यात एकदम काळोख झाला. इतका वेळ झोतात उभी राहिल्यामुळं गुणमालानं डोळे उघडले तरी तिला काही दिसेना. ना मशीन, ना दार, ना नवरा.

"भाग्यश्री," अण्णांनी हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओ द्यायला घरात ती नव्हती. मग ते म्हणाले, "गुणा, कुठं हायस?"

"हितंच हाय," ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावत सावकाश त्यांच्याकडं चालू लागली.